एक वीत उत्तरेला, एक वीत दक्षिणेला

नागाव,
पौष अमावास्या, १८ जानेवारी २०२६

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी वहीत हाताने लिहिते आहे. बाबा एकेका पानाचा फोटो काढून पाठवतील. तू रॉटरडॅमच्या धक्क्याला लागलीस की सगळी पानं एकदम मिळतील. फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली होती, पण तू जहाजावरची पाळी, तुमची वॉच, संपवून आलेली असतेस, आवाज तुटत असतो, आणि मला आधी तू जेवलीस का हेच विचारावंसं वाटतं. मग राहून जातं.

डिसेंबरात न्हावा-शेवा सोडल्यावर तिसऱ्या दिवशी तू जे सांगितलंस ते माझ्या मनातून गेलेलं नाही. सूर्य बुडालाय, क्षितिजाची रेघ अजून दिसतेय आणि तारेही उमटू लागलेत, अशा त्या थोड्याशा मिनिटांत तू ताऱ्यांची उंची मोजायचा सेक्स्टंट घेऊन ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाहेर उभी होतीस. चीफ ऑफिसरांनी दक्षिणेचा एक ठळक तारा दाखवून नाव विचारलं. तू न अडखळता ‘कॅनोपस’ म्हणालीस, म्हणजे आपला अगस्ती. त्याची उंची मोजलीस, अल्मनॅकमधून, ताऱ्यांच्या कोष्टकांच्या त्या पुस्तकातून, अगस्तीचे आकडे घेतलेस, गणित मांडलंस, आणि उत्तर आलं की हा तारा या क्षणी क्षितिजाखाली आहे. अजून उगवलेलाच नाही. तुझ्या समोर होता तो अकर्नार, आपल्या पुस्तकांतला अग्रनद. ‘आई, लहानपणी तू मला तोच दाखवायचीस ना गं?’ एवढंच तू विचारलंस. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

हो मने, तोच दाखवत होते. तू तिसरीत होतीस तेव्हापासून. डिसेंबरच्या सुट्टीत जेवणं लवकर आटोपून आपण सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जायचो. मी तुझे खांदे धरून तुला कोर्लईच्या दीपगृहाकडे तोंड करून उभी करायचे आणि त्या दिव्याच्या वर, काळ्या आभाळात एकटाच असलेला तारा दाखवून म्हणायचे, ‘तो बघ अगस्ती. त्याने समुद्र पिऊन टाकला होता.’ तू समुद्राकडे बघायचीस, मग ताऱ्याकडे, आणि हात जोडायचीस. शाळेत चौथीच्या कितीतरी वर्गांना मी ती गोष्ट सांगितली असेल. तारा मात्र कधी पडताळून पाहिला नाही. मला तो आप्पांनी दाखवलेला होता, आणि आप्पांनी दाखवलेलं कधी पडताळावंसं वाटलंच नाही.

म्हणून तुझा फोन झाल्यावर पहिला विचार आला तो हा, की आप्पा चुकले कसे? चौलला आमच्या वाडीत सगळी झाडं त्यांना आभाळासकट माहीत होती. कुठल्या पोफळीमागून कुठलं नक्षत्र वर येतं ते ते सांगायचे. तिकांडं, म्हणजे मृगातले तीन तारे, कुठवर आलं ते बघून रात्र किती उरलीय हे त्यांना कळायचं. त्यांचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं: ‘दिवाळी झाली की दक्षिणेला अगस्ती बघावा, एकटा असतो.’ पुढे आणखी काहीतरी होतं. ते मी विसरले होते.

मार्गशीर्ष अमावास्येला, १९ डिसेंबरला, मी आणि तुझे बाबा चटई घेऊन किनाऱ्यावर गेलो. आता तुझ्या वेळचा किनारा राहिलेला नाही. स्टॉलवाल्यांचे हॅलोजन रात्री उशिरापर्यंत जळत असतात, वाळूत सावली पडते इतका उजेड. आपल्या अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे ना, ती मुळात मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्या विजेने चुंबकाच्या सुया हलणार, म्हणून १९०४ मध्ये वेध इकडे अलिबागला घ्यायला लागले. त्या वेळी लोकांनी उपकरणं अंधाऱ्या, शांत गावात आणली. ताऱ्यांसाठी मात्र आम्हालाच दिव्यांपासून लांब, रेवदंड्याच्या दिशेने चालत जावं लागलं. बाबांनी टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन बांधलं होतं. पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं जातात.

साडेआठला तो तारा अगदी तिथेच होता, कोर्लईच्या वर. जसा तुला दाखवायचे तसाच. मला क्षणभर वाटलं, तुमच्या अल्मनॅकमध्येच काही चुकलं असेल. बाबा म्हणाले, बसू या. आम्ही बसलो. नऊ वाजले, साडेनऊ झाले. तारा हळूहळू उजवीकडे, समुद्राकडे सरकला. भरती चढत होती, चटई दोनदा मागे घ्यावी लागली. आणि साडेदहाच्या सुमारास डावीकडे, वाडीतल्या माडांच्या शेंड्यांमधून एक तारा बाहेर आला. आधी मला तो कुणाच्या तरी गच्चीवरचा दिवा वाटला. झावळी हलली की विझायचा, परत पेटायचा. मग तो शेंड्यांच्या वर मोकळा झाला.

त्या वेळी दोघेही जवळजवळ सारख्याच उंचीवर होते. उजवीकडे उतरणारा अग्रनद, डावीकडे चढणारा अगस्ती. शेजारी शेजारी बघितल्यावर संशयाला जागाच राहिली नाही. अगस्ती जवळपास तिप्पट तेजस्वी आहे. सगळ्या आभाळात रात्रीच्या ताऱ्यांत व्याध पहिला आणि अगस्ती दुसरा. अग्रनदही चांगला ठळक आहे, पण तो एकटा असतो तेव्हाच मोठा वाटतो. मी इतकी वर्षं त्याला एकट्याला बघून परत यायचे. दोन तास थांबले असते तर खरा अगस्ती आपणहून समोर आला असता.

तिथेच बसल्या बसल्या मला आप्पांचं राहिलेलं वाक्य आठवलं. ‘पाणी लावायला जातो तेव्हा.’ वाडीच्या पंपाला वीज रात्रीचीच मिळायची. ते बारा-एकला उठून पाणी लावायला जायचे. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी अगस्ती रात्री अकराच्या आसपास उगवतो. आप्पा मळ्यात उभे असायचे तेव्हा तो चांगला वर आलेला असायचा. ते बरोबर सांगत होते. मी त्यांच्याकडून दिशा घेतली, महिना घेतला, आणि वेळ गाळली. मी लहान होते, रात्री एकला जागी नसायचे. मी आठ वाजता दक्षिणेला बघितलं, एकटा तारा दिसला, आणि त्यालाच अगस्ती ठरवून टाकलं. पुढे तेच तुझ्या हातात दिलं. आप्पांची यात काही चूक नव्हती हे तुला कळावं, यासाठी खरं तर मी हे पत्र लिहायला बसले.

आता नीट सांगते, म्हणजे तुला आणि पुढे तू ज्यांना दाखवशील त्यांना.

आधी तिकांडं शोध. मृगाच्या पोटातले ते एका रांगेतले तीन तारे. आप्पा त्यांना तिकांडं म्हणायचे, पुस्तकात त्याला मृगाला लागलेला बाण म्हणतात. त्या तिघांची रेघ आग्नेयेकडे वाढवली की व्याध येतो, निळसर पांढरा, लखलखणारा. यंदा एक काळजी घे. गुरू सध्या मिथुनेत आहे आणि तो व्याधापेक्षाही तेजस्वी आहे. पण तो मृगाच्या ईशान्येला आहे आणि लुकलुकत नाही, त्यामुळे एकदा सांगितल्यावर फसायला होत नाही. व्याध मिळाला की त्याच्यापासून सरळ दक्षिण क्षितिजाकडे उतरायचं. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की एक मूठ साधारण दहा अंशांची. अशा साडेतीन मुठी. व्याधाच्या थेट खाली नाही, किंचित पश्चिमेला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलं असता किंचित उजवीकडे. मधल्या जागेत इतकं ठळक दुसरं काही नाही. व्याध बरोबर दक्षिणेच्या रेषेवर यायच्या वीस मिनिटं आधी अगस्ती त्या रेषेवर आलेला असतो. व्याध पूर्वेकडे असताना हे ‘खाली’ तिरकं होतं, डोकं डावीकडे कलवून बघावं लागतं. म्हणून दोघं उभ्या रेषेत येण्याची वेळ धरावी हे उत्तम.

ती वेळ नागावला अशी: डिसेंबर संपताना रात्री पाऊण वाजता, जानेवारीच्या अखेरीला साडेदहाला, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नऊला. तारा रोज चार मिनिटं लवकर येतो, महिन्याला दोन तास, हे तुला मी सांगायला नको. क्षितिजाच्या वर तो आपल्याकडे साडेआठ तास असतो. मे महिन्याच्या मध्यापर्यंत संध्याकाळी नैर्ऋत्येला टेकलेला दिसतो आणि मग सूर्याच्या उजेडात नाहीसा होतो. पुन्हा दिसतो तो पाऊस ओसरताना, पहाटे. पंचांगात त्याच्या उदयास्ताचे दिवस दिलेले असतात. जुने लोक म्हणायचे, अगस्ती उगवला की नदीचं गढूळ पाणी निवळतं. मला हे नेहमी गोष्टीतलंच वाटायचं. पण बघ, तो जातो पावसाच्या तोंडावर आणि येतो पाऊस उतरताना. समुद्र पिणाऱ्या ऋषीचं नाव त्यालाच का दिलं असेल ते मला आता कुठे उमगायला लागलंय. अरब त्याला सुहैल म्हणतात. आखातात ऑगस्टच्या अखेरीला तो पहाटे दिसला की आता उन्हाळ्याची धार कमी होणार, असं त्यांचं धरलेलं असतं. एकाच समुद्राच्या दोन काठांवर एकाच ताऱ्याची वाट, इकडे पाणी निवळायला आणि तिकडे ऊन निवायला.

यानंतरचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

काल रात्री आम्ही परत गेलो होतो. अकराच्या सुमारास अगस्ती कोर्लईच्या वर आला, यावेळी खराच. मी हात लांब करून त्याची उंची वितीने मोजली. अंगठा क्षितिजावर टेकवला तर करंगळी ताऱ्याच्या जरा वर गेली. मग काय मनात आलं कोण जाणे, मी मागे वळले. उत्तरेला अलिबागचे दिवे, त्यापलीकडे मुंबईचा तांबूस उजेड. त्याच्या वर सप्तर्षी ईशान्येकडून चढत होते. त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ धरून ध्रुव शोधला. फिका होता, पण मिळाला. त्याच्यावर वीत धरली. तीच उंची! अंगठा क्षितिजाला, करंगळी ताऱ्याच्या जरा वर.

घरी येऊन वहीत गणित केलं. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश, अर्ध्यापाऊण अंशाच्या फरकाने. अलिबागचा अक्षांश १८.६४. अगस्ती खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ५२.७ अंशांवर. नव्वदातून दोन्ही वजा केले की अगस्तीची जास्तीत जास्त उंची येते. आपल्याकडे ती १८.६६. मी तीन वेळा वजाबाकी केली. उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा अगस्ती बरोबर सारख्या उंचीवर यावेत अशी पृथ्वीवर एकच आडवी रेघ आहे, आणि ती आपल्या अंगणावरून जाते म्हटलं तरी चालेल. अलिबागवरून जाते, घाट चढून पिंपरी-चिंचवडवरून, आळंदीच्या जरा दक्षिणेने पुढे जाते. रत्नागिरीला ध्रुव सतरा अंशांवर उतरलेला आणि अगस्ती वीसवर चढलेला. नाशिकला उलट, ध्रुव वीस आणि अगस्ती सतरा. आपल्याकडे दोघं समसमान.

दोन्ही उंचींची बेरीज सगळीकडे ३७.३ येते, हेही तेव्हाच लक्षात आलं. विषुववृत्तापासून वर जिथे जिथे दोघं दिसतात तिथे एकाने जितकं गमावलं तितकंच दुसऱ्याने कमावलेलं. तुला हे शिकवलेलं असेल. मला कुणी शिकवलं नव्हतं, वजाबाक्या करता करता समोर आलं, आणि मी बाबांना झोपेतून उठवून सांगितलं. ते म्हणाले, मनूला कळव.

बेरीज ३७.३ म्हणजे त्या अक्षांशाच्या उत्तरेला अगस्ती नाही. तू आत्ता जिथे आहेस तिथे तो कितीही थांबलीस तरी दिसायचा नाही. रॉटरडॅमला ध्रुव ५२ अंशांवर, आणि अगस्ती पृथ्वीच्या कुशीखाली. परत निघालात की पोर्तुगालचं नैर्ऋत्येचं टोक, केप सेंट व्हिन्सेंट, ते बरोबर ३७ अंशांवर आहे. गणिताने तिथे तो क्षितिजाला शिवतो, पण शिवतो म्हणजे दिसतो असं नाही. क्षितिजाजवळची हवा जाड असते, तेज गिळते. तू कॅनरी बेटांपर्यंत थांब. तिथे त्याची उंची नऊ अंश होईल, एका मुठीला थोडी कमी. जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत तिथे स्थानिक वेळेने दहाच्या सुमारास तो दक्षिणेला असेल. तुझी चार ते आठची वॉच तेव्हा संपलेली असेल. चंद्र पौर्णिमेकडे झुकलेला असणार, आभाळ उजळलेलं असणार, तरी अगस्ती दिसेल, एवढं तेज त्याच्यात आहे. खाली असल्यामुळे तांबूस आणि थरथरणारा दिसेल. म्हणून तो नव्हे असं समजू नकोस.

तिथून पुढे रोज रात्री तो वर चढत जाईल आणि ध्रुव मागे बुडत जाईल. विषुववृत्तावर ध्रुव पाण्याला लागेल, अगस्ती ३७ वर. लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालताय म्हणून मला या फेरीची काळजीच जास्त होती, सहा महिन्यांत पहिल्यांदाच इतका लांबचा रस्ता. पण याच रस्त्याने तुला तो असा दिसणार आहे जसा मी जन्मात बघणार नाही. केप ऑफ गुड होपजवळ त्याची उंची सुमारे ७२ अंश. फेब्रुवारीच्या मध्यावर तिथे असशील तर अमावास्याही जवळ असेल. पण मी वर सांगितलेली खूण तिथे चालणार नाही हे लक्षात ठेव. तिथे व्याध उत्तरेला असतो, तोही सुमारे ७२ अंशांवर, आणि मृग उलटा, डोकं खाली. तू मधे उभी राहशील तर व्याध तुझ्या डोक्याच्या एका बाजूला आणि अगस्ती दुसऱ्या बाजूला, जवळजवळ सारखेच. ‘व्याधाच्या खाली’ असं शोधत क्षितिजाकडे गेलीस तर भलतीकडेच पोचशील. व्याधाकडे बघ, मग मान मागे टाकत डोक्यावरून दक्षिणेकडे ये.

त्याच केपवर बसून लाकाय नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७५१ पासून दक्षिणेचे तारे मोजले. जुन्या ग्रीक नकाशांत तिथे आर्गो नावाचं एक अवाढव्य जहाज होतं. त्याने त्या जहाजाचे भाग पाडले. शिडं वेगळी, पिछाडी वेगळी, तळ वेगळा. अगस्ती त्या तळाच्या कण्यात आहे, तुम्ही ज्याला कील म्हणता त्यात. आभाळातल्या जहाजाचा सगळ्यात तेजस्वी तारा पाण्याखालच्या भागात असावा, हे मला फार आवडलं.

तुमच्या अल्मनॅकमधल्या निवडक ताऱ्यांत तो आहे हे तू सांगितलंस. वाचनालयातून पुस्तक आणलं त्यात आणखी एक सापडलं. १९६४ च्या नोव्हेंबरात मंगळाकडे सोडलेल्या मरीनर-४ यानाला दिशा धरायला एक सूर्य पुरेना, आणखी एक ठिकाण हवं होतं. त्यासाठी अगस्ती निवडला. तो तेजस्वी आहे, आणि सूर्य ज्या वाटेने वर्षभर फिरताना दिसतो त्या वाटेपासून इतका दूर दक्षिणेला आहे की सूर्याच्या अंगावर कधी येत नाही, कायम जवळजवळ काटकोनात राहतो. त्या यानानेही आधी दुसरेच तारे धरले. मग अगस्ती सापडला. पुढेही यानाजवळून तरंगणाऱ्या कणांच्या चमकेने तो पुन्हा पुन्हा हातचा सुटला आणि पुन्हा शोधावा लागला. जुलै १९६५ मध्ये ते मंगळाजवळून गेलं. मी हे वाचलं तेव्हा तू ब्रिजच्या बाहेर सेक्स्टंट घेऊन उभी आहेस असंच डोळ्यांपुढे आलं.

तो सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर आहे. काल रात्री माझ्या डोळ्यांत आलेला उजेड निघाला तेव्हा आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर कान्होजी आंग्रे होते. त्यांच्या गलबतांवरच्या माणसांनीही दक्षिणेला हाच तारा बघितला असणार. त्यांना दिसलेला उजेड आणखी जुना.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटका, मिळेल असं तू म्हणालीस. होळी होऊन चार-पाच दिवस झालेले असतील, चंद्र उशिरा उगवेल. आठ-सव्वाआठला अगस्ती दक्षिणेच्या रेषेवर येतो तेव्हा. जेवण नंतर करू, आमटी-भात गरम करायला वेळ लागत नाही. तू आधी कोर्लईकडे तोंड करून वीत धर, मग मागे वळून ध्रुवावर धर. वेळेची काळजी यंदा मी घेईन, दोन-तीन संध्याकाळ आधीपासून घड्याळ लावून बघून ठेवते.

तोवर कॅनरीला दिसला की मला कळव. मध्यरात्र असली तरी चालेल. ‘दिसला’ एवढा एकच शब्द लिहिलास तरी मी समजेन.

गरम कपडे घालून डेकवर जा. बाबांचे आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. अग्रनदाला हात जोडलेस ते वाया गेले असं वाटून घेऊ नकोस. त्याचं अकर्नार हे नाव अरबीतलं आहे, ‘आखिर-अन-नहर’, नदीचं टोक. आभाळातली एक लांबच लांब नदी मृगाच्या पायाशी सुरू होऊन त्याच्यापाशी संपते. केपला गेलीस की ती पूर्ण नदी दिसते का बघ. इथून आम्हाला तिचं शेवटचं टोक धुरकटच दिसतं.